सिंहगड रस्ता नकाशावर हिरवा का दिसतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातल्या एका संस्थेत तुम्ही प्रकल्प सहायक आहात. महापालिकेच्या १५ क्षेत्रीय कार्यालयांसाठी हवामान बदलाच्या संदर्भात ‘असुरक्षितता मूल्यांकन’ करायचं काम तुमच्याकडे आलंय. तुम्ही २२ निर्देशक, म्हणजे मोजायच्या बाबी, घेतले, त्यातले बहुतेक २०११ च्या जनगणनेतले. सगळ्यांना सारखं वजन देऊन बेरीज केली, नकाशा रंगवला आणि सिंहगड रस्ता निघाला हिरवागार, म्हणजे सर्वांत कमी असुरक्षित गटात. पण जुलै २०२४ च्या पुरात याच भागातल्या, मुठेकाठच्या एकता नगरीत बोटी फिरताना तुम्ही स्वतः पाहिल्यात. वरिष्ठ म्हणतात, डेटा तसं सांगतोय ना, मग तसंच द्या. तुम्ही विचारताय की चुकलं कुठे, आणि उरलेल्या सहा आठवड्यांत काय करता येईल.

मी हे काम १८ वर्षं करते आहे, त्यातली निम्मी पुणे जिल्ह्यात. सुरुवातीच्या वर्षांत असाच एक हिरवा नकाशा माझ्याही हातून गेलाय, त्याबद्दल पुढे सांगते. तुमचं गणित बहुधा बरोबरच असणार. घोळ त्याच्या आधी झालाय. ‘असुरक्षित’ म्हणजे कशापासून, आणि हे कळल्यावर कोण काय करणार, हे ठरण्याआधीच निर्देशक निवडले गेले. त्यामुळे ऊन, पूर, पाणीटंचाई, गरिबी, शिक्षण सगळं एका पातेल्यात गेलं. मिसळीत ते चालतं, इथे नाही.

आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण तुमच्या वरिष्ठांशी वाद घालायला तो लागेल. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २००७ च्या चौथ्या अहवालात असुरक्षिततेचे तीन घटक मानले होते: माणूस किंवा वस्ती धोक्याच्या वाटेत किती आहे, धोका आला तर झळ किती बसते, आणि त्यातून सावरायची ताकद किती. २०१४ च्या पाचव्या अहवालापासून मांडणी बदलली. ‘वाटेत असणं’ बाहेर काढलं. आता धोका, वाटेत असणं आणि असुरक्षितता हे तिन्ही मिळून ‘जोखीम’ होते, आणि असुरक्षितता म्हणजे फक्त झळ बसण्याचा कल व सावरण्याची ताकद. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने आयआयटी मंडी, आयआयटी गुवाहाटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीबरोबर देशभराचं जे मूल्यांकन केलं, ते याच नव्या मांडणीवर आहे. त्यात महाराष्ट्र तुलनेने कमी असुरक्षित आणि झारखंड वगैरे जास्त, असं आलंय. ते वाचून ‘म्हणजे आपण सुखरूप’ असा निष्कर्ष काढणारे अधिकारी मला भेटलेत. त्या अहवालाचा अर्थ इतकाच की कुठलंही संकट आलं तरी सावरायला आपल्या राज्याकडे सरासरीने साधनं जास्त आहेत. संकट येणार की नाही, याबद्दल तो काहीच म्हणत नाही.

तुमच्या सिंहगड रस्त्याचंही तेच झालंय. साक्षरता, बँकखाती, दुचाकी-चारचाकी, घरात नळ, घरात संडास, सगळ्यात तो भाग वरच्या नंबरात. तुम्ही मोजली ती सावरायची ताकद, तीही २०११ ची. नदी किती लांब आणि जमीन किती खाली, हे मोजलंच नाही. त्यामुळे नकाशा खोटं बोलत नाहीये. त्याचं शीर्षक चुकलंय. ‘हवामान असुरक्षितता’ ऐवजी ‘२०११ साली सरासरी कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती’ असं लिहा, एकदम बरोबर नकाशा आहे.

आता यातला रंजक भाग, जो फक्त आकडे पाहून कळणार नाही. मध्यमवर्गीय असूनही एकता नगरीतली माणसं पुराच्या बाबतीत असुरक्षित आहेत, आणि ती का आहेत हे सोसायटीत शिरल्यावर पाच मिनिटांत दिसतं. विजेचे मीटर पार्किंगमध्ये. पाण्याचा पंप पार्किंगमध्ये, टाकी जमिनीखाली. लिफ्टचा खड्डा तिथेच. तळमजल्यावर बहुधा ज्येष्ठ मंडळी, कारण गुडघे. पाणी पार्किंगमध्ये चार फूट चढलं की वरच्या मजल्यावरच्या कोरड्या घरातही वीज नाही, पाणी नाही, लिफ्ट नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले आजोबा चौथ्या मजल्यावर असतील तर त्यांच्यासाठी पूर चौथ्या मजल्यावर आला. यातलं जनगणनेच्या कुठल्या रकान्यात आहे? ‘मीटरबॉक्स जमिनीपासून किती फुटांवर’ हा माझ्या मते त्या भागासाठी साक्षरतेच्या दसपट कामाचा निर्देशक आहे, आणि तो मोजायला एक टेप आणि एक वॉचमनकाका पुरतात.

आणि धोका कुठून येतो हेही नीट समजून घ्या, कारण पुण्यात ‘पूर’ हा एकच प्राणी नाही. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची एकूण क्षमता २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. त्यात वरसगाव आणि पानशेत मोठी, टेमघर लहान, आणि सगळ्यांच्या खाली शहराच्या तोंडावर बसलेलं खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. म्हणजे वरची भरलेली असताना घाटात जोरदार पाऊस झाला तर खडकवासल्याला ते धरून ठेवायला जागाच नसते, पाणी मुठेत सोडावं लागतं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला इतके घनफूट पाणी) वर गेला, त्यात शहरातही रात्रभर पाऊस. हा नदीचा पूर. त्याची चाहूल काही तास आधी लागू शकते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जे झालं ते वेगळं. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा तासा-दोन तासांच्या पावसाने फुगला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर, दांडेकर पुलाजवळच्या वस्त्या. पुण्यात आणि परिसरात मिळून २० हून जास्त माणसं गेली. धरणाचा तिथे संबंध नव्हता, इशारा द्यायला वेळही नव्हता. आणि त्याच्या आदल्या वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ ला, मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पूल परिसरात पाणी घुसलं. त्याचा पावसाशी काही संबंध नव्हता. वर्ष पुरं व्हायला दोन दिवस कमी असताना त्याच भागात पुन्हा पाणी. एकदा कालव्याचं, एकदा ओढ्याचं.

तिथल्या एका आजींनी मला जे सांगितलं ते मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. मी विचारलं, पाणी किती होतं? त्यांनी फूट-इंच सांगितले नाहीत. म्हणाल्या, “पहिल्या वेळेला मिक्सरच्या फळीपर्यंत. दुसऱ्या वेळेला देवापर्यंत.” देव्हारा भिंतीवर कुठे आहे ते बघितलं, टेप लावली, माझ्या खांद्यापर्यंत आलं. मग विचारलं, पाणी शिरायला लागल्यावर पहिलं काय उचललं? “कागदाची पिशवी.” रेशनकार्ड, आधार, शाळेचे दाखले, नातीचं जातप्रमाणपत्र, सगळं एका कॅरीबॅगेत घालून खिळ्याला टांगलेलं. पहिल्या पुरात ती पिशवी खाटेखालच्या ट्रंकेत होती, भिजली. दुसऱ्या पुरात खिळ्यावर होती. तुमच्या बाविसातल्या ‘सावरायची ताकद’ या गटात हा खिळा कुठे बसतो ते बघा. मी गमतीने म्हणत नाहीये. पंचनाम्याच्या वेळी कागद असलेल्या आणि नसलेल्या घरांत मदतीचा फरक पडतो. भाडेकरूंची अवस्था तर आणखी वाईट: घर मालकाच्या नावावर, भिजलेला संसार भाडेकरूचा, आणि करारनामा बहुतेक वेळा तोंडी.

म्हणून माझा पहिला सल्ला. धोक्यागणिक वेगळं मूल्यांकन करा. नदीचा पूर, ओढ्याचा पूर, उष्णता, पाणीटंचाई. चार वेगळे नकाशे. टेकडीच्या उतारावरच्या वस्त्यांसाठी दरड हा पाचवा. माळीणची ३० जुलै २०१४ ची दुर्घटना याच जिल्ह्यातली, ते विसरू नका. सगळ्यांची बेरीज करून एक नकाशा करायचा मोह टाळा. बेरजेत होतं काय, की पुराच्या बाबतीत अगदी वाईट आणि उन्हाच्या बाबतीत बरा असा भाग ‘मध्यम’ होतो, आणि मध्यमला निधी मिळत नाही.

आता माझा हिरवा नकाशा. उष्णतेसाठीचं काम होतं, एका मध्यम शहरात. ‘पक्कं घर’ हा निर्देशक मी चांगल्या बाजूला टाकला, म्हणजे पक्की घरं जास्त तर असुरक्षितता कमी. सगळेच तसं करतात. नंतर एप्रिलमध्ये पडताळणीला गेले तेव्हा माझ्या नकाशावर हिरव्या असलेल्या एका वस्तीत दुपारी दोन वाजता एका घराच्या पोटमाळ्यावर चढले. डोक्याला पत्रा लागत होता, त्याला हात लावला तर चटका. साधं थर्मामीटर टांगलं, पंधरा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश वर. तिथे एक बाई शिलाई मशीन चालवत होती आणि तिचं तान्हं बाळ साडीच्या झोळीत होतं. पंखा होता, पण तो तापलेली हवाच फिरवत होता. कार्यालयात परत येऊन जनगणनेची व्याख्या पुन्हा वाचली, आणि कपाळावर हात मारला. जनगणनेत छपराचं साहित्य जीआय पत्रा किंवा अ‍ॅसबेस्टॉस असेल तर ते टिकाऊ साहित्यात धरतात. म्हणजे पत्र्याची खोली भिंती विटांच्या असतील तर कागदावर ‘पक्की’. पावसासाठी ती पक्की असेलही. उन्हासाठी ती भट्टी आहे. त्या नकाशात मी सर्वांत जास्त तापणारी घरं सर्वांत सुरक्षित म्हणून रंगवली होती, आणि अहवाल छापून गेला होता.

तेव्हापासून माझा नियम असा की प्रत्येक निर्देशकापुढे एक वाक्य लिहायचं: ‘हे वाढलं की या धोक्याची झळ कमी होते, कारण…’ आणि ते कारण एखाद्या वस्तीतल्या माणसाला वाचून दाखवायचं. तो हसला तर निर्देशक काढायचा. तुमच्या यादीतला ‘मोबाइल असलेली कुटुंबं’ घ्या. हे वाढलं की पुराची झळ कमी होते, कारण इशारा मिळतो. बरं. पण पहाटे साडेतीनला विसर्ग वाढल्याचा मेसेज आला आणि फोन चार्जिंगला लावून माणूस झोपलाय, तर? निर्देशक ‘फोन आहे का’ हा नाही, ‘मागच्या वेळी इशारा किती वाजता कळला, कुणाकडून’ हा आहे. उत्तर बहुतेकदा ‘शेजाऱ्याने दार वाजवलं’ असं येतं. मग दार वाजवणारा शेजारी, तरुण मंडळ, गणपती मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ही तुमची सावरायची ताकद. पुण्यात ती खूप आहे आणि कुठल्याही तक्त्यात नाही.

उन्हाबद्दल एक वेगळी अडचण. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंशांपर्यंत गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारच होत नाही. शिवाजीनगर वेधशाळेत ३८.५ असेल तर अधिकृत लाट नाही. पण शिवाजीनगरची वेधशाळा झाडांत आहे, आणि कोरेगाव पार्क किंवा वडगावशेरीच्या स्वयंचलित केंद्रावर त्याच दिवशी बऱ्याचदा जास्त तापमान दिसतं. पत्र्याखाली किती, हे कुठलंच केंद्र सांगत नाही. शिवाय दिवसाच्या कमाल आकड्यावर सगळं लक्ष असतं, तर त्रास रात्रीचा असतो. पत्रा संध्याकाळी लवकर थंड होतो, पण काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पिऊन रात्री ते खोलीत सोडतो, म्हणून वरच्या मजल्यावरची स्लॅबची घरं रात्री एक-दोनपर्यंत तापलेली राहतात. दिवसा बांधकामावर, कचरा वेचण्यात, मंडईत हमालीत शरीर तापलेलं, आणि रात्री ते थंड व्हायला जागा नाही, अशी दोन्ही टोकं ज्यांच्या वाट्याला येतात ती माणसं शोधा. ती एका प्रभागात राहतात आणि दुसऱ्या प्रभागात काम करतात, हेही लक्षात ठेवा. बाणेरमध्ये स्लॅब टाकणारा मजूर तुमच्या तक्त्यात बाणेरचा नसतो, बहुतेकदा कुठलाच नसतो.

अहमदाबादचं उदाहरण वाचून ठेवा. मे २०१० च्या उन्हाळ्यात तिथे नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले, हे त्यांना नंतर मृत्यूनोंदी तारखेप्रमाणे लावून पाहिल्यावर कळलं, आणि २०१३ मध्ये त्यांनी उष्णता कृती आराखडा केला. कारणाच्या रकान्यात ‘उष्माघात’ फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं. हृदयविकार, वार्धक्य असंच असतं. पुण्यातही आरोग्य विभागाकडे जन्म-मृत्यू नोंदी आहेत. वय, तारीख आणि पत्त्याचा परिसर, एवढंच नावांशिवाय मागा. मिळेल का हे तुमच्या पत्रावर कुणाची सही आहे यावर अवलंबून आहे. मला एका ठिकाणी दोन दिवसांत मिळालं, एका ठिकाणी दोन वर्षांत मिळालं नाही.

आता आकडेमोडीकडे, थोडक्यात, पण तीन खड्डे दाखवते कारण तुम्ही तिन्हींत पाय घातलाय.

पहिला खड्डा सरासरीचा. समजा एका भागात ८० हजार माणसं, त्यातली ६ हजार ओढ्याकाठच्या वस्तीत. वस्तीत ७० टक्के लोक पत्र्याखाली, उरलेल्या भागात ५ टक्के. सरासरी काढा: १० टक्क्यांच्याही किंचित खाली येते. ‘या भागात फक्त १० टक्के’ असं तुम्ही लिहिणार, आणि ते ४,२०० लोक गायब होणार. १५ क्षेत्रीय कार्यालयं हे एकक निधीवाटपासाठी ठीक आहे, माणसं शोधण्यासाठी निरुपयोगी आहे. त्यातून २०११ नंतर प्रभागांच्या हद्दी बदलल्या, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. शहर ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं आणि तुमचे आकडे जुन्या हद्दीत अडकलेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही, हा तुमचा दोष नाही, पण अहवालात पहिल्या पानावर ते लिहा. शेवटच्या पानावरच्या बारीक टायपात नको.

दुसरा खड्डा ० ते १ मध्ये बसवण्याचा. सर्वांत कमी त्याला ०, सर्वांत जास्त त्याला १, मधले प्रमाणात. पद्धत सोपी, पण एखादा टोकाचा आकडा सगळ्यांना चेपतो. ड्रेनेज नसलेली घरं चार भागांत २, ३, ४, ५ टक्के आणि नव्याने आलेल्या गावांच्या भागात ६० टक्के असतील, तर ५ टक्केवाल्याला गुण मिळतो ०.०५. म्हणजे २ टक्के आणि ५ टक्के यातला अडीचपटीचा फरक जवळजवळ पुसला गेला. आणि ज्याला ० मिळालं त्याच्याकडे प्रश्न नाही असं सगळे वाचतात, जेव्हा तो फक्त पंधरा जणांत कमी वाईट असतो. अशा वेळी मी टोकाचा आकडा वेगळा काढते, किंवा प्रत्यक्ष उंबरठे ठरवते: इतक्या टक्क्यांच्या वर म्हणजे वाईट, मग शेजारी काहीही असो.

तिसरा खड्डा भरपाईचा. जमीन नदीपेक्षा जेमतेम उंच, त्यासाठी गुण १. साक्षरतेसाठी ०.१, मोबाइलसाठी ०.१. सरासरी ०.४, नकाशावर पिवळा, ‘मध्यम’. पण मोबाइल असल्याने जमीन उंच होत नाही. ज्या निर्देशकांची भरपाई होऊच शकत नाही ते सरासरीत घालू नका, ते आधी चाळणी म्हणून वापरा. पूररेषेच्या आत आहे का? हो असेल तर मगच पुढचे प्रश्न. इथे एक पोटप्रश्न येतो. जलसंपदा विभागाची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी असते. त्या जुन्या पाऊसमानावर आणि त्या वेळच्या नदीपात्रावर आखलेल्या असतात. मधल्या काळात पात्रात भराव, पूल, भिंती झाल्या. म्हणून मी रेषेवर थांबत नाही, ‘देवापर्यंत’ आणि ‘मिक्सरपर्यंत’च्या खुणा रेषेच्या बाहेर कुठे सापडतात ते शोधते. ओढ्यांच्या बाबतीत तर माझा भर बराचसा या खुणांवरच असतो.

वजनांबद्दल फार डोकं खाजवू नका. तज्ज्ञांना बोलावून वजनं ठरवली तरी ती शेवटी आठ-दहा माणसांची मतं असतात. त्याऐवजी वजनं शंभर वेळा उलटसुलट करून बघा, एक्सेलमध्येही होतं. कुठलीही वजनं घेतली तरी वरच्या तिनात राहणारे भाग कोणते? ते ठामपणे सांगा. कधी तिसरे, कधी अकरावे येणारे भाग नकाशावर करड्या रंगात दाखवा आणि ‘इथे आकड्यांवरून सांगता येत नाही’ असं लिहा. करडा रंग वरिष्ठांना आवडत नाही, माहितीये. तरी द्या.

आणखी एक, हवामान मॉडेलचे २०५० चे आकडे प्रभागनिहाय दाखवा असं कुणी म्हणालं तर हात जोडा. त्या मॉडेलांचा एक चौकोन सहसा पंचवीस-तीस किलोमीटरचा किंवा त्याहून मोठा असतो, अख्खं पुणे एक-दोन चौकोनांत मावतं. प्रत्यक्षात इथे ताम्हिणीला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि पन्नासेक किलोमीटरवर शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासात मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं दिसलं. ही दिशा वापरा: कमी वेळात जास्त पाऊस, म्हणून ओढ्यांचा विचार आधी. त्यापुढची दशांशचिन्हं प्रभागावर चिकटवू नका.

मग सहा आठवड्यांत काय? हे तुमचा अहवाल कशासाठी आहे यावर ठरतं, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. वरिष्ठांना सरळ विचारा. पालिकेला १५ कार्यालयांत निधी वाटायचा असेल तर सध्याचा तक्ता दुरुस्त करून चालेल. पावसाळ्याआधी कुठली घरं आधी हलवायची हे ठरवायचं असेल तर निर्देशांक, म्हणजे बेरजेचा एकच आकडा, नकोच, इमारतनिहाय आणि गल्लीनिहाय यादी हवी. छपरांना पांढरा रंग द्यायचा कार्यक्रम असेल तर फक्त छपरं मोजा, उपग्रह चित्रावरूनही पत्रा ओळखता येतो. आणि कुठलीशी अट पूर्ण करायला अहवाल हवाय, कुणी वाचणार नाही, असं उत्तर आलं (येतं, मला आलंय), तर किमान दिशाभूल होईल असं काही त्यात घालू नका, आणि वाचलेला वेळ एका वस्तीत घालवा.

मी तुमच्या जागी असते तर पहिला आठवडा २२ निर्देशकांवरून चारही धोक्यांसाठी पाच-सहा निवडण्यात घालवला असता. पुढचे तीन आठवडे तीन ठिकाणी: सिंहगड रस्त्यावरच्या दहा-बारा सोसायट्या, आंबिल ओढ्याकाठची एक वस्ती, आणि नव्याने आलेल्या गावांपैकी एक, जिथे टँकर येतो. तिसरं ठिकाण वगळू नका. पुरावर सगळ्यांचं लक्ष असतं, पण एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत ज्या बाईचा रोजचा दीड तास जातो तिचं नुकसान कुठल्या पंचनाम्यात येत नाही. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न पुरे. मागच्या वेळी पाणी (किंवा ऊन, किंवा टंचाई) आलं तेव्हा पहिलं काय केलं? कामावर परत कधी गेलात? आणि त्या वेळी काढलेलं कर्ज फिटलं का? शेवटचं उत्तर मिळायला चहा प्यावा लागतो, बचत गटाच्या ताईंना सोबत घ्या. ‘कर्ज अजून आहे’ असं म्हणणारं घर पुढच्या धोक्याला आधीच वाकलेल्या पाठीने सामोरं जातं, आणि हे मला आजवर सापडलेल्या निर्देशकांपैकी सर्वांत भरवशाचं वाटतं. शेवटचे दोन आठवडे लिहायला, कारण लिहायला नेहमी ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

एक सावधगिरी मात्र पाळाच. नकाशावर वस्ती लाल रंगवली की ती लाल मदतीची आहे की हटवायची, हे तुमच्या हातात राहत नाही. ओढ्याकाठची वस्ती दहा किलोमीटर लांब इमारतीत हलवली तर पुराचा धोका जातो, पण धुणीभांड्याची कामं सुटतात, शाळा बदलते, लिफ्ट बंद पडलेल्या सातव्या मजल्यावर पाणी चढवावं लागतं. म्हणून वस्तीपातळीचा नकाशा छापील अहवालात घालू नका. तो वस्तीतल्या लोकांना आधी दाखवा, त्यांच्या दुरुस्त्या घ्या, आणि पालिकेला द्यायचा असेल तर सोबत ‘लोकांनी काय मागितलं’ हे जोडून द्या. दांडेकर पुलाजवळच्या आजींनी घर मागितलं नव्हतं. ओढ्यात कचरा अडकतो तिथली जाळी साफ करणारा माणूस आणि रात्री वाजणारा भोंगा मागितला होता.

वरिष्ठांना काय सांगायचं: ‘हा नकाशा चुकीचा आहे’ असं म्हणू नका, बैठक तिथेच संपेल. ‘हा सावरायच्या ताकदीचा नकाशा आहे, धोक्याचा नकाशा सोबत लावू’ असं म्हणा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. सिंहगड रस्ता एकात हिरवा, दुसऱ्यात लाल दिसेल, आणि खोलीतला कुणीतरी स्वतःच म्हणेल की हे लोक सावरू शकतात पण यांना आधी सांगायला हवं. भवानी पेठ बहुधा उलटी दिसेल.

तुमचा तक्ता पाठवलात तर मी बघेन. त्याआधी ‘पक्कं घर’ या रकान्याची दिशा अधिक आहे की उणे, ते तपासा, आणि जमलं तर या शनिवारी एकता नगरीत टेप घेऊन जा. मीटरबॉक्सची उंची लिहून घेताना शेजारच्या भिंतीवर २०२४ च्या पाण्याचा डाग अजून आहे का तेही बघा. बऱ्याच सोसायट्यांनी नवा रंग दिलाय, पण लिफ्टच्या मागच्या बाजूला कुणी रंगवत नाही.